दातांवर लावायचे फ्लोराईड आणि पोटात जाणारे फ्लोराईड

पावसाळा सरून शाळा-बालवाड्यांमध्ये आरोग्य तपासण्या सुरू झाल्या की या सदराकडे दातांविषयीची पत्रे वाढतात. या खेपेस आलेली बरीच पत्रे लहान मुलांच्या दातांवर कीड रोखण्यासाठी फ्लोराईड लावण्याविषयीची आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांत काळजीचा सूर आहे. त्यामुळे हिरड्या, अक्कलदाढा व कवळीविषयीचे प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवून या वेळी याच विषयाची पत्रे घेत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी चार वर्षांची असून बालवाडीत जाते. तपासणीच्या वेळी तिच्या वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढरे पट्टे दिसले, म्हणून ‘फ्लोराईड व्हार्निश’ लावण्यासाठी आमच्याकडे संमतीपत्र पाठवले आहे. माझ्या यजमानांना व्हॉट्सॲपवर एक संदेश आला, त्यात फ्लोराईड हे उंदराचे विष आहे, युरोपात त्यावर बंदी आहे, अमेरिकाही आता बंदी घालते आहे आणि त्याने मुलांची बुद्धी मंद होते, असे लिहिले होते. सासूबाई म्हणतात, दुधाचेच दात आहेत, ते पडणारच, मग हा खटाटोप कशाला? मी सही करू की नको? — एक आई, ता. गुहागर

उत्तर : सही करावी, असे माझे मत आहे. मात्र यजमानांना आलेला संदेश निव्वळ थापा म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. त्यातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या आहेत. फक्त त्या भलत्याच ठिकाणी नेऊन चिकटवल्या आहेत.

सोडियम फ्लोराईड एके काळी उंदीर आणि झुरळे मारण्यासाठी वापरत असत, हे खरे आहे. युरोपातील बहुतेक देशांत नळाच्या पाण्यात फ्लोराईड मिसळत नाहीत, हेही खरे आहे. परंतु त्याच देशांत फ्लोराईडयुक्त टूथपेस्ट घरोघरी वापरली जाते, स्वित्झर्लंडमध्ये १९५५ पासून फ्लोराईड घातलेले मीठ विकले जाते, आणि ज्या व्हार्निशविषयी, म्हणजे दातांवर फिरवायच्या चिकट लेपाविषयी, तुम्ही विचारता आहात ते मुळात १९६०च्या दशकात जर्मनीत तयार झाले. अमेरिकेत २०२५ मध्ये युटा आणि त्यापाठोपाठ फ्लोरिडा या राज्यांनी बंदी घातली ती सार्वजनिक पाणीपुरवठ्यात फ्लोराईड मिसळण्यावर. दंतवैद्याने दातांवर लावायच्या औषधावर नव्हे.

बुद्धीचा मुद्दा अधिक गंभीर आहे, म्हणून तो नीट पाहू. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने ऑगस्ट २०२४ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. ज्या भागांत पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराईड आहे तिथल्या मुलांचा बुद्ध्यांक तुलनेने कमी आढळतो, असा निष्कर्ष त्यात ‘मध्यम खात्रीने’ काढलेला आहे. हे संशोधन वर्षानुवर्षे, काही अभ्यासांत तर आईच्या गरोदरपणापासून, रोज पोटात जाणाऱ्या फ्लोराईडविषयीचे आहे. वर्षातून दोनदा दातांच्या पृष्ठभागावर फिरवलेल्या लेपाविषयी त्यात काहीही म्हटलेले नाही. म्हणजे या साऱ्या वादात विचारायचा प्रश्न असा, की किती फ्लोराईड गिळले जाते आणि किती वेळा.

आता हिशेब मांडू. व्हार्निशमध्ये ५ टक्के सोडियम फ्लोराईड असते, म्हणजेच दर मिलिलिटरला सुमारे २२.६ मिलिग्रॅम फ्लोराईड. हा आकडा टूथपेस्टच्या वीसपटींहून अधिक आहे आणि संदेश लिहिणारे नेमका तोच दाखवून घाबरवतात. पण सगळे दुधाचे दात रंगवायला साधारण पाव मिलिलिटर औषध लागते, म्हणजे जेमतेम पाच-सहा थेंब, आणि त्यात फ्लोराईड भरते सुमारे ५.६ मिलिग्रॅम. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम फ्लोराईड एकदम पोटात गेले तर विषबाधेची शक्यता धरून तातडीने रुग्णालयात न्यावे, असा सर्वमान्य संकेत आहे. तुमच्या मुलीचे वजन १४ किलो धरले, तर ही मर्यादा ७० मिलिग्रॅम होते. तिने व्हार्निशचा थेंबन्थेंब गिळला असे मानले तरी या मर्यादेचा बारावा हिस्साही भरत नाही. शिवाय हे औषध चिकट असते, लाळ लागताच ते दातावर घट्ट बसते आणि पुढचे काही तास हळूहळू सुटत राहते. त्यामुळे जे पोटात जाते तेही एकदम जात नाही.

ही भीती आली कुठून, हेही सांगायला हवे, कारण तिच्यामागे एक खरी दुर्घटना आहे. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात तीन वर्षांच्या एका मुलाच्या दातांवर तीव्र फ्लोराईडचे द्रावण लावण्यात आले. ते चूळ भरून थुंकायचे आहे, हे त्याला समजले नाही, त्याने ते गिळले आणि काही तासांत त्याचा मृत्यू झाला. पातळ द्रावण आणि थुंकता न येणारे मूल, ही जोडी धोक्याची आहे. याच कारणाने सहा वर्षांखालील मुलांना फ्लोराईडचे जेल लावू नये, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. जेल ट्रेमध्ये भरून चार मिनिटे दातांवर धरावे लागते आणि दोन्ही ट्रे मिळून सुमारे ५ मिलिलिटर लागते. जेल व्हार्निशपेक्षा सौम्य असते, पण त्या ५ मिलिलिटरमध्ये ६० मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड भरते. म्हणजे तुमच्या मुलीची मर्यादा जवळजवळ गाठली जाते. म्हणून संमतीपत्रावर नेमके कोणते औषध लिहिले आहे ते वाचा. ‘व्हार्निश’ असेल तर सही करा; ‘जेल’ किंवा ‘चूळ भरायचे द्रावण’ असेल, तर चार वर्षांच्या मुलीसाठी नकार द्या आणि तो लेखी द्या.

व्हार्निश कसे लावतात ते आधी कळले की आईची निम्मी धास्ती कमी होते. आई मुलीला मांडीवर घेऊन बसते, समोर गुडघ्याला गुडघा लावून डॉक्टर बसतात आणि मुलीचे डोके त्यांच्या मांडीवर येईल अशा बेताने तिला उताणे निजवतात. कापसाने किंवा गॉजने दात पुसायचे, लहानशा ब्रशने लेप फिरवायचा, झाले. दोन-तीन मिनिटांचे काम. सुई नाही, यंत्राची घरघर नाही. दात थोडे पिवळसर आणि खरखरीत दिसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासल्यावर ते पूर्ववत होतील. त्या दिवशी चार तास कडक, चिकट किंवा गरम काही देऊ नये. मऊ भात, केळे, गार दूध चालेल. रात्री दात घासू नयेत.

लावू नये अशा थोड्याच बाबी आहेत, पण त्या विसरू नयेत. बऱ्याच व्हार्निशचा आधार पाईनच्या झाडाची राळ असते. राळेची किंवा तशाच चिकटपट्टीची ॲलर्जी असेल, तर ती आधी सांगावी. मुलाला दम्यामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले असेल, किंवा त्या वेळी तोंडात फोड अथवा हिरड्यांवर जखमा असतील, तर थांबावे. काही व्हार्निशमध्ये दुधातील प्रथिने असतात. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांनी ते विचारून घ्यावे. मुलीला यांपैकी काही असेल, तर संमतीपत्राच्या खाली स्वतःच्या हाताने लिहून द्या. छापील रकान्याची वाट पाहू नका.

आता सासूबाईंचा मुद्दा. पुढचे दात वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरे, परंतु दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा राखून ठेवतात. त्यांच्या मागे सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नसल्याने अनेक घरांत ती दुधाचीच दाढ समजली जाते आणि ती किडून ठणकेपर्यंत कुणाचे लक्ष जात नाही. किडलेल्या दुधाच्या दातांचा पू आणि ठणका सोसत मूल रात्र रात्र जागते, घास एका बाजूने चावते, वजनाला खुंटते. असे मूल घरात असले की ‘पडणारच आहेत’ हा युक्तिवाद आजी स्वतःच मागे घेतात.

तुमच्या मुलीच्या दातांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांविषयी दोन शब्द. तिचा वरचा ओठ बोटाने उचला, स्वच्छ सुती कापडाने दात कोरडा करा आणि खिडकीच्या उजेडात पाहा. हिरडीच्या कडेला खडूसारखी फिकट, चमक नसलेली रेघ दिसली, तर ती किडीची पहिली पायरी समजावी. गोड खाल्ल्यावर तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की दाताच्या कवचातील खनिजे विरघळतात. पीएच हे आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त; साधारण साडेपाच पीएचपासून ही झीज सुरू होते. कवचात फ्लोराईड मिसळले की तयार होणारे खनिज साडेचार पीएचपर्यंत टिकाव धरते, आणि लाळेतील कॅल्शियम पुन्हा दातात बसायला मदत होते. म्हणजे पांढरी रेघ असतानाच लेप लावला तर ती अजून भरून येऊ शकते. तिचे एकदा भोक झाले, की व्हार्निशचे काम संपते आणि भरण्याचे सुरू होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यात व्हार्निशमुळे दुधाच्या दातांची कीड सरासरी ३७ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. अर्थात एक गोष्ट लपवू नये. स्कॉटलंडमध्ये, जिथे बालवाडीतच मुलांकडून रोज शिक्षिकांच्या देखरेखीखाली फ्लोराईडच्या टूथपेस्टने दात घासून घेतले जातात, तिथल्या एका चाचणीत व्हार्निशची भर ठामपणे सांगता येण्याइतकी मोठी निघाली नाही. आपल्याकडच्या फारच थोड्या बालवाड्यांत दात घासून घेतले जातात, म्हणून इथे व्हार्निशला अधिक वाव आहे, असे मी मानते. पण घरी रात्रीचे दात घासणे चुकत असेल, तर वर्षातून दोनदा लावलेला लेप ती चूक भरून काढू शकत नाही.

प्रश्न : मी मालवण तालुक्यात मच्छीमारी करतो. माझ्या पाच वर्षांच्या मुलाच्या चार दाढा किडल्या आहेत. खुर्चीवर बसवले की तो आकांत करतो, तोंडच उघडत नाही. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. एक, मोठ्या शहरात नेऊन भूल देऊन सगळ्या दाढा एकदम भरून घेणे, ज्याचा खर्च आम्हांला झेपणारा नाही. दुसरा, चांदीचे एक औषध लावणे. पण त्या औषधाने कीड काळी पडते म्हणतात. बायको म्हणते, काळे दात घेऊन पोर शाळेत कसे जाईल? औषध सुरक्षित आहे का?

उत्तर : तुम्ही सांगता ते औषध सिल्व्हर डायमाईन फ्लोराईड. जपानमध्ये ते १९७० च्या सुमारास वापरात आले, अमेरिकेत २०१४ मध्ये परवानगी मिळाली आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. त्यातली चांदी किडीचे जिवाणू मारते आणि फ्लोराईड कुजलेला, मऊ झालेला भाग पुन्हा कडक करते. किडलेल्या जागांवर नीट लावल्यास सुमारे ८० टक्के ठिकाणी कीड जागच्या जागी थांबते, असे अनेक चाचण्यांच्या आढाव्यांत आढळले आहे.

वरच्या पत्रात हिशेब मांडला तसाच इथे मांडू. हे औषध व्हार्निशपेक्षाही तीव्र, मिलिलिटरला सुमारे ४४.८ मिलिग्रॅम फ्लोराईड. पण चार दाढांना एक थेंब पुरतो आणि एका थेंबात दोन-सव्वादोन मिलिग्रॅमच फ्लोराईड असते. विषबाधेच्या दृष्टीने हे नगण्य आहे. चांदीची ॲलर्जी असेल, किंवा हिरड्या सोललेल्या, जखमी असतील, तर मात्र ते लावत नाहीत.

काळेपणाविषयी तुमची पत्नी म्हणते ते बरोबर आहे आणि तो काळेपणा पुसला जात नाही. मात्र काळा होतो तो किडलेला भाग. निरोगी कवच पांढरेच राहते. मागच्या दाढांवरचा काळा डाग मूल मोठ्याने हसले तरी सहसा दिसत नाही. पुढचे दात असते तर मी तुम्हांला दोनदा विचार करायला सांगितले असते. औषध लावण्याआधी डॉक्टरांकडून अशा दाढांचे छायाचित्र मागून पाहा आणि तुमच्या पत्नीलाही दाखवा. ते न पाहता दिलेली संमती पुढे घरात भांडण होण्याला कारण ठरते. ओठाला किंवा गालाला लागले तर तपकिरी डाग पडतो, तो आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. शर्टाला लागले तर तो शर्ट गेला. म्हणून त्या दिवशी जुने कपडे घालून न्या.

हे औषध प्रत्येक दाढेला चालते असे मात्र नाही. मूल रात्री ठणक्याने जागे होत असेल, हिरडीवर पुळी आली असेल, गाल सुजला असेल, तर कीड दाताच्या नसेपर्यंत पोचली आहे असे समजावे. अशा दाढेवर हे औषध लावून आजार झाकला जातो, बरा होत नाही. तिचे नसेचे काम किंवा काढणे, यांपैकी एक करावेच लागेल. त्याशिवाय कीड थांबली तरी खळगा तसाच राहतो, त्यात अन्न अडकते. मूल सहा महिन्यांनी थोडे शांत बसू लागले, की काही ठिकाणी काचेसारख्या सिमेंटने तो भरून घेता येतो. त्याला यंत्राने कोरावे लागत नाही. औषध दर सहा महिन्यांनी पुन्हा लावावे लागते. एकदाच लावून सोडून दिलेल्या दाढांत कीड पुन्हा चालू होण्याचे प्रमाण बरेच असते. तुमच्या मासेमारीच्या हंगामाचा हिशेब धरून पहिली खेप पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात आणि दुसरी दिवाळीनंतर ठेवता येईल. हे औषध सगळ्याच दवाखान्यांत मिळत नाही, म्हणून जाण्याआधी फोनवर विचारून घ्यावे.

प्रश्न : आमचे गाव संगमेश्वर तालुक्यात, गरम पाण्याच्या झऱ्यांपासून फार लांब नाही. घरी जांभ्या दगडात खणलेली विहीर आहे, उन्हाळ्यात बोअरवेलचे पाणी वापरतो. माझ्या मुलाला नुकतेच आलेले पुढचे कायमचे दात पांढऱ्या ठिपक्यांचे आहेत. आमच्या पाण्यातच फ्लोराईड असेल, तर त्याला वरून आणखी लावणे धोक्याचे नाही का?

उत्तर : हा प्रश्न विचारायलाच हवा होता. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातील जास्त फ्लोराईडमुळे दात पिवळे-तपकिरी होणे, पुढे हाडे आणि सांधे आखडणे, या तक्रारी जुन्या आहेत. कोकणात चित्र बहुतेक उलटे आहे. इथे धो धो पाऊस पडतो, जांभ्यातून पाणी लवकर झिरपते आणि उथळ विहिरींत फ्लोराईड सहसा फार कमी असते. मात्र खोलवरच्या खडकांत तापून वर येणाऱ्या पाण्यात ते अधिक विरघळते, म्हणून झऱ्यांच्या परिसरातील खोल बोअरवेलबद्दल नुसता अंदाज बांधू नये, पाणी तपासावे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड ठीक मानले जाते आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांकडे चाचणी किट असते, आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. विहिरीचा आणि बोअरवेलचा नमुना वेगवेगळ्या बाटल्यांत, स्रोताचे नाव लिहून द्या. एकत्र केलेल्या नमुन्यातून काहीच कळत नाही. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटल्याने ते किंचित वाढते. कँडलच्या फिल्टरचाही उपयोग नाही. आरओ यंत्राने मात्र ते बऱ्याच अंशी निघते. झऱ्यात आंघोळ करायला हरकत नाही.

मुलाच्या ठिपक्यांबद्दल पत्रावरून निदान करता येत नाही, पण पाहताना एक खूण लक्षात ठेवावी. पोटातल्या फ्लोराईडमुळे होणारे डाग डाव्या आणि उजव्या बाजूच्या सारख्याच दातांवर, जोडीने दिसतात आणि बारीक आडव्या रेषांनी पसरलेले असतात. एकाच दातावर ठळक सीमेचा एकच ठिपका असेल, तर पूर्वी दुधाच्या दाताला लागलेला मार किंवा त्याची मुळाशी पसरलेली कीड, असे दुसरे कारण शोधावे लागते. शिवाय दाताचा वरचा भाग हाडाच्या आत तयार होत असतानाच, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आतच, फ्लोराईडचे डाग पडू शकतात. आता वरून लावलेला लेप आधीच तयार झालेल्या दातावर तसे डाग पाडू शकत नाही. पाण्यात फ्लोराईड १.५ च्या वर निघाले, तर आधी पिण्याचे पाणी बदला, टूथपेस्ट गिळली जात नाही ना यावर नजर ठेवा, आणि तो अहवाल दंतवैद्याला दाखवा. किडीची खरीच लक्षणे असतील, तर डॉक्टर त्या वेळीही व्हार्निश सुचवू शकतील, कारण वर्षाकाठी त्यातून पोटात जाणारे प्रमाण पाण्याच्या तुलनेत क्षुल्लक असते.

प्रश्न : माझ्या दोन वर्षांच्या मुलाने मोठ्यांची टूथपेस्ट तोंडात पिळून घेतली. किती खाल्ली ते नक्की कळले नाही. उलटी झाली नाही, तो खेळतो आहे. अशा वेळी काय करावे? त्याला टूथपेस्ट द्यावी की नाही? — अलिबागहून

उत्तर : आपल्याकडच्या नियमांनुसार टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराईड नसावे आणि ते प्रमाण ट्यूबवर छापलेले असावे. १००० पीपीएम म्हणजे एका ग्रॅमला एक मिलिग्रॅम. दोन वर्षांच्या, साधारण ११ किलोच्या मुलासाठी धोक्याची मर्यादा ५५ मिलिग्रॅम, म्हणजे ५५ ग्रॅम टूथपेस्ट. तोंडभर पिळलेली टूथपेस्ट सहसा पाच ग्रॅमपेक्षा जास्त नसते. त्याने पोटात मळमळेल, कदाचित उलटी होईल. लगेच दूध द्यावे, कारण दुधातील कॅल्शियम फ्लोराईडला धरून ठेवते आणि ते शोषले जाणे कमी होते. बोटे घालून उलटी काढायला लावू नये. ट्यूब बरीच रिकामी झालेली दिसत असेल, उलट्या थांबत नसतील, मूल सुस्त पडले असेल, किंवा किती खाल्ले याचा अंदाजच येत नसेल, तर ट्यूब बरोबर घेऊन जवळच्या रुग्णालयात जावे. व्हार्निशच्या भीतीने संमतीपत्र परत पाठवणाऱ्या घरांतच गोड चवीची, रंगीत ट्यूब मोरीच्या कठड्यावर मुलाच्या हाताशी ठेवलेली असते, हे मला खरोखर नवलाचे वाटते. दवाखान्यातल्या पाव मिलिलिटरपेक्षा घरातली ट्यूब मोठा धोका आहे.

टूथपेस्ट द्यावी, पण मोजून. पहिला दात आल्यापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे सुमारे ०.१ ग्रॅम, आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, म्हणजे पाव ग्रॅम. ब्रशभर पांढरी पट्टी जाहिरातीत शोभते. घासून झाल्यावर थुंकायला लावावे, पाण्याने खळखळून चूळ भरायला लावू नये. दातांवर उरलेली थोडी पेस्ट हवीच असते. ब्रश सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाच्या हातात असावा.

प्रश्न : आमच्याकडे मुले राखुंडीने दात घासतात आणि माझी आजी मुलाला दात दुखला की बोटाने जराशी मिसरी लावते. त्यामुळे कीड लागत नाही, असे तिचे म्हणणे आहे. — ता. राजापूर

उत्तर : मिसरी ही भाजलेली तंबाखू आहे. तिने ठणका काही वेळ दबतो, कारण तंबाखूतील निकोटीन हिरडीतून रक्तात शिरून मुलाला गुंगी आणते. किडीवर तिचा काहीही परिणाम होत नाही. बाळाच्या तोंडात लावलेली मिसरी उलटी, चक्कर आणि कधी याहून गंभीर लक्षणे घडवू शकते, आणि पुढे व्यसन लागते ते वेगळे. आजीबाईंना दुखवून न बोलता डबी मुलाच्या हाताला न लागेल अशी ठेवावी. राखुंडी खरखरीत असते, त्यात फ्लोराईड नसते आणि रोज घासल्याने दाताचे कवच झिजते. तिची सवय सुटत नसेल तर निदान रात्रीची वेळ ब्रश आणि टूथपेस्टसाठी राखून ठेवावी, कारण झोपेत लाळ कमी होते आणि कीड वाढायला सर्वांत जास्त वाव त्याच वेळी मिळतो. दुखणारी दाढ मात्र येत्या आठवड्यातच जवळच्या उपजिल्हा रुग्णालयातील दंतविभागात दाखवावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हाही दात तपासतात, पण ठणका असताना त्यांच्या फेरीची वाट पाहू नये.